गोल वाटाणा, सुरकुतलेला वाटाणा

नाशिकच्या कुठल्याही किराणा दुकानात उसळीसाठी जो वाळलेला पांढरा वाटाणा मिळतो, तो गुळगुळीत आणि गोल असतो. कृषी सेवा केंद्रात भाजीच्या मटारासाठी ‘अर्केल’ वाणाचं बियाणं मागितलं आणि पाकीट फोडलं, तर आतला दाणा सुरकुतलेला निघतो. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर जे प्रयोग केले, त्यातला पहिला गुण हाच होता: दाणा गोल की सुरकुतलेला. दोन्ही प्रकार आपल्या शहरात रोज विकले जातात. तरी शाळेतल्या मुलांची मेंडेलच्या वाटाण्याशी गाठ पडते ती फळ्यावर काढलेल्या चार घरांच्या चौकटीत.

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, २०१७ च्या आवृत्तीत, ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा सोळावा धडा आहे. म्हणजे तो शिकवायला घ्यायची वेळ येते वर्षाच्या शेवटी. त्या दिवसांत निफाड-दिंडोरीच्या शिवारात गहू ओंबीवर असतो, वाटाण्याच्या शेंगा भरत असतात आणि बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांवर पांढरे गोंडे डोलत असतात. हा धडा शाळेच्या आवारात झाडं लावून शिकवावा का, यावर दोन माणसांचा वाद मी ऐकला आणि तो मला लिहून ठेवावासा वाटला. एक जण निफाड तालुक्यात कांद्याचं बियाणं करणारे शेतकरी. दुसरी त्यांची भाची, नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी. नावांची गरज नाही. जिथे मला एकाचं म्हणणं जास्त पटलं, तिथे तसं सांगितलं आहे.

मामा : झाडं लावायला माझा विरोध नाही. पण त्याला विज्ञान म्हणू नका. चार कुंड्या, एक फलक, साहेब आले की फोटो. पाणी घालायला कोणाला पाठवता? अभ्यासात जो मागे आहे त्याला. नाहीतर ज्याच्या घरी शेती आहे त्याला, कारण त्याला ते येतं. त्या पोराचा बाप म्हणतो, खुरपंच धरायचं होतं तर शाळेत कशाला घातलं? त्याचं काय चुकलं?

शिक्षिका : त्याचं काही चुकलं नाही, मामा. पाणी घालणं ही शिक्षा झाली की परसबाग संपली. पण माझ्या वर्गात टोमॅटो करणाऱ्या घरांतली मुलं आहेत. दरवर्षी बियाणं किंवा रोपं विकत आणायची, हे त्यांना ठाऊक आहे. का आणायची, असं विचारलं तर म्हणतात, हायब्रीडचं बी धरत नाहीत. का धरत नाहीत? तिथे गप्प. आणि हीच मुलं परीक्षेत एकसंकराची चौकट काढून तीनास एक हे गुणोत्तर अचूक लिहितात. घरातला निर्णय आणि पुस्तकातलं गुणोत्तर ही एकच गोष्ट आहे, हे त्यांना कुठेच भेटत नाही.

मामा : त्यात भेटायचं काय आहे? पाकिटातलं बी ही पहिली पिढी. ती सगळी सारखी येते. तिचं बी धरलं की दुसऱ्या वर्षी एकाच सरीत नाना तऱ्हा. एक झाड उंच, एक बुटकं, एकाचं फळ गोल, एकाचं लांबट, एक आधी पिकतं, एक नंतर. व्यापारी असा माल क्रेटमध्ये घेत नाही. झालं. दोन मिनिटांत सांगून होतं.

शिक्षिका : तुम्हाला दोन मिनिटं लागतात, कारण तुम्ही ती सरी पाहिली आहे. गुणाची एक जोडी असेल तर दुसऱ्या पिढीत दोन तऱ्हा दिसतात, दोन असतील तर चार. स्वतंत्रपणे उतरणाऱ्या दहा जोड्या धरल्या आणि प्रत्येकीत एक गुण पूर्ण प्रभावी असला, तर १,०२४ तऱ्हा. हा आकडा मुलं गणित म्हणून मान्य करतात. पण त्याचा पाकिटाच्या किमतीशी संबंध आहे, हे त्यांना पटत नाही. राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात वालाचं बी जपतात आणि पुढच्या वर्षी तोच वाल उगवतो. टोमॅटोच्या हायब्रीडचं तसं होत नाही. एक सरळ वाण, एक संकरित. हा फरक जिला समजला, तिला मेंडेल समजला.

मामा : हे मान्य. पण तू शाळेत प्रयोग करणार आणि मुलांना तीनास एक दाखवणार म्हणतेस, तिथे माझी हरकत आहे. तुझ्याकडे जागा किती? वीस-पंचवीस झाडं. एवढ्याशा झाडांत तीनास एक येत नाही. मग पोरं काय करतात मला माहीत आहे. उत्तर पुस्तकात दिलेलं असतं. वहीत तेच लिहितात. बियाण्याच्या धंद्यात याच सवयीला मी सगळ्यात जास्त घाबरतो. उगवण अठ्ठावन्न टक्के आली आणि पिशवीवर सत्तर छापलं, तर शेतकऱ्याचं वर्ष जातं.

या मुद्द्यावर भाचीने जे उत्तर दिलं, ते या वादातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

शिक्षिका : मेंडेललाही आलं नव्हतं. पुस्तकात आपण शेवटची बेरीज वाचतो: २५३ झाडांवर ७,३२४ दाणे, त्यातले ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. पण त्याने आपल्या निबंधात पहिल्या दहा झाडांचे आकडे वेगवेगळे दिले आहेत. एका झाडावर ४५ गोल आणि १२ सुरकुतलेले. दुसऱ्यावर २७ आणि ८. चौथ्यावर १९ आणि १०. शिवाय टोकाची उदाहरणंही त्याने लपवली नाहीत. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले. एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. चौदा-पंधरा, मामा. ते एकच झाड माझ्या शाळेच्या वाफ्यात असतं, तर मुलांनी सिद्धांत चुकीचा ठरवला असता.

मामा : मग?

शिक्षिका : मग हाच धडा आहे. वीस दाणे मोजले तर नेमके पंधरा आणि पाच पडण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे वीस-वीस दाणे मोजणाऱ्या पाच गटांपैकी चार गटांचं उत्तर पुस्तकाशी जुळणार नाही. मी प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर लिहिणार, आहे तसा. मग बेरीज. मग शेजारच्या शाळेची बेरीज त्यात मिळवायची. आकडे वाढतील तसं गुणोत्तर तीनाकडे सरकताना मुलं पाहतील. हे फळ्यावरच्या चौकटीतून दिसत नाही, कारण चौकटीत योगायोगाला जागाच नाही. आणि गंमत म्हणजे आर. ए. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली मेंडेलच्या आकड्यांवर आक्षेप घेतला तो उलट्या बाजूने. ते अपेक्षेला फारच जवळ आहेत, असं तो म्हणाला. नववीच्या मुलीला तो वाद समजू शकतो, पण तिने स्वतः एकदा दाणे मोजलेले असले तर.

मामा : पण वाटाणा हिवाळ्यातच येतो. वर्षाला एक पिढी. पहिल्या वर्षी संकर, दुसऱ्या वर्षी पहिली पिढी, तिसऱ्या वर्षी दुसरी. तोवर तुझी मुलं दहावी होऊन गेली.

शिक्षिका : झाडाची उंची किंवा फुलाचा रंग घेतला तर तीन हिवाळे लागतात. दाण्याचा आकार घेतला तर दोनच, कारण दाणा म्हणजे पुढची पिढी. पहिल्या पिढीचं झाड उभं असतं आणि त्याच्या शेंगेत दुसरी पिढी बसलेली असते. एकाच शेंगेत गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा शेजारी-शेजारी. आठवीच्या हिवाळ्यात संकर करायचा, नववीच्या नोव्हेंबरात ते बी पेरायचं, शेंगा झाडावर पूर्ण वाळू द्यायच्या. सोळावा धडा येतो तेव्हा शेंगा फोडायला तयार.

मामा : संकर कोण करणार? वाटाणा आतल्या आत फळतो. फूल उमलायच्या आधीच परागकोश फुटलेले असतात. कळी असतानाच खालच्या जोडलेल्या पाकळ्या उघडून दहाच्या दहा पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. एक राहिला तरी स्वफलन.

शिक्षिका : कळ्या फुकट जातील. जाऊ देत.

मामा : फुकट जाणं मोठं नाही. झालेला संकर खरा की खोटा हे कसं ओळखणार? (थोडं थांबून) अर्केलला आई कर. सुरकुतलेली आई, गोल बाप. परागकण लागू पडले असतील तर त्याच शेंगेतले दाणे वाळल्यावर गोल निघतील, कारण गोल प्रभावी. सुरकुतलेले निघाले तर समजायचं, एखादा पुंकेसर राहून गेला होता. गोल झाडाला आई केलंस तर खरं-खोटं दोन्ही गोलच दिसेल आणि पुढच्या वर्षापर्यंत तुला पत्ता लागणार नाही. आणि किराण्याचा वाटाणा आधी ओल्या फडक्यात घालून उगवतो का ते बघ. जुना माल असला तर नुसता कुजेल.

विरोध करता करता मामांनी प्रयोगाचा कणा दिला. बियाणं करणाऱ्या माणसाला जी गोष्ट सहज सुचते, ती विज्ञानाच्या वर्गात यायला हवी, असं मला तेव्हा फार वाटलं. निफाडचं कृषी संशोधन केंद्र नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने गव्हाचे जे वाण दिले, त्यांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती अशी आहेत. तपोवन म्हटलं की नाशिकच्या मुलांच्या डोळ्यांसमोर गोदाकाठ येतो. त्या नावाचा गहूही आहे, तो आपल्या जिल्ह्यात घडला आणि ओंबीतले पुंकेसर चिमट्याने काढून, कागदी पिशवी बांधूनच असे संकर केले जातात, हे किती मुलांना सांगितलं जातं?

शिक्षिका : वाटाणाच का, याचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पॉल विल्यम्स यांनी मोहरीच्या कुळातलं एक झाड असं तयार केलं की ते बियाण्यापासून बियाण्यापर्यंत साधारण चाळीस दिवसांत येतं. तिकडच्या शाळांत ते चालतं. आनुवंशिकता शिकवायला ते उत्तमच. पण ते कोणाच्या ताटात येत नाही. वाटाणा येतो. अर्केलचा दाणा सुरकुततो का? त्यात पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, पुरेसा तयार होत नाही. साखर जास्त राहते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळला की आक्रसतो. १९९० साली इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या जॉन इनेस संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मेंडेलचा हा जनुक नेमका ओळखला. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर असतं. त्याच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक तुकडा मध्येच घुसलेला आहे आणि त्यामुळे ते विकर नीट बनत नाही. म्हणजे ज्या बिघाडाने दाणा सुरकुततो, त्यानेच मटार गोड लागतो. मुलं डब्यात जी मटाराची भाजी आणतात, ती अप्रभावी जनुकाची जोडी आहे. उसळीचा वाटाणा शिजून पिठूळ होतो, तो प्रभावी. आता सांगा, हा धडा आनुवंशिकतेचा की अन्नाचा?

मामा : अन्नाचा म्हणशील तर अर्धाच. गोड का, हे सांगितलंस. ते पिकवून माणूस जगतो कसा, हे नाही सांगितलंस.

इथून वाद वेगळ्या वाटेला गेला. मामांची खरी हरकत इथे होती, असं मला वाटतं.

मामा : तुमच्या प्रयोगशाळेत माझं पीकही आहे. कांद्याचा पापुद्रा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, पेशी बघायच्या. मुळाचं टोक घ्यायचं, रंगवायचं, पेशीविभाजन बघायचं. काचपट्टी धुतली की कांदा संपला. त्या कांद्याला बी येतं तरी का, कधी येतं, विचार पोरांना.

शिक्षिका : विचारलं आहे. बरीच मुलं म्हणतात, कांदा म्हणजेच बी.

मामा : बघ. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो. त्यातले मी निवडतो: एक डोळ्याचे, बारीक मानेचे, एका रंगाचे. ते पावसाळाभर चाळीत राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत. जानेवारी-फेब्रुवारीत डोंगळे, गोंडे, मधमाश्या. एप्रिल-मेमध्ये बी, म्हणजे उळं. उळं टाकल्यापासून नवं उळं हातात येईपर्यंत दीड वर्ष. गोंड्यातल्या प्रत्येक फुलाचे परागकण त्याचीच कुक्षी तयार व्हायच्या आधी सुटून जातात, म्हणून माशीशिवाय काही होत नाही. माशी शेजारच्या पांढऱ्या कांद्यावरून आली तर माझ्या लाल बियाण्यात भेसळ. म्हणून दुसऱ्या वाणापासून अर्धा ते एक किलोमीटर अंतर ठेवायचं. आणि वाटाण्यासारखं आपल्या आपल्यात फळवून कांदा शुद्ध करावा म्हटलं, तर दोन-तीन पिढ्यांत तो खुरटतो. तुझ्या मेंडेलने कांदा घेतला असता तर तो नियम त्याच्या हाती लागला नसता.

शिक्षिका : म्हणूनच त्याने वाटाणा निवडला आणि त्याचेही निरनिराळे वाण आधी दोन वर्षं तपासून घेतले. तरी पुढे हॉकवीड नावाच्या रानफुलावर त्याने हात घातला आणि तिथे त्याचे नियम दिसेनात.

मामा : मग मुलांना नुसता वाटाणा दाखवून पाठवलंस, तर त्यांना वाटेल सगळी झाडं अशीच वागतात.

शिक्षिका : नाही वाटणार, जर वाटाण्याच्या वाफ्याशेजारी तुम्ही दिलेले दहा कांदे लावले तर. दोन गोंड्यांना कळीतच बारीक जाळीची पिशवी बांधायची, बाकीचे मोकळे. बी किती धरलं ते मोजायचं. वाटाण्याला माशी लागत नाही, कांद्याला लागते, हे मुलांना एका महिन्यात दिसेल. गुणोत्तरासाठी वाटाणा, परागणासाठी कांदा. आणि मुळाच्या टोकातली जी सोळा गुणसूत्रं आपण काचपट्टीवर बघतो, त्यांचा तुमच्या चाळीशी थेट संबंध आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प आहे. तिथे कांद्यावर गॅमा किरण सोडतात, मग त्याला कोंब फुटत नाही. का नाही फुटत? कोंबाच्या टोकातल्या पेशी विभागायच्या थांबतात म्हणून. मुलं काचपट्टीवर जे बघतात, तेच तिथे रोखलं जातं.

मामा : हे तू सांगतेस का वर्गात?

शिक्षिका : सांगते.

मामा : मग बाजरीचंही सांग. माझ्या वडिलांनी ते पाहिलं. १९६५ साली एच. बी. १ हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न बघून लोक हरखले. पाठोपाठ त्याच घरातले आणखी वाण आले. सगळ्यांची आई एकच: अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या टिफ्टनहून आलेली, टिफ्ट २३ ए. सत्तर सालानंतर गोसावी रोग आला. कणसात दाण्याच्या जागी हिरवी पालवी. आई एकच, म्हणून तिचं दुबळेपण सगळ्या शिवाराचं. एकसारखं पीक बाजाराला हवं असतं आणि रोगालाही. तीनास एक पाठ करण्यापेक्षा हे कळणं महत्त्वाचं.

शिक्षिका : द्राक्षाचंही तेच. कलमावर वाढवलेली बाग म्हणजे एकाच वेलाच्या हजारो प्रती. डावणी रोग आला की सगळ्या बागेला सारखाच. पण त्याच प्रतींत कधीतरी एका काडीचे घड वेगळे निघतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसनच्या बागेतला असाच वेगळेपणा हेरला, म्हणून ‘सोनाका’ आली. उत्परिवर्तन हा शब्द पुस्तकात आहे. सोनाका नाशिकच्या मुलांनी खाल्लेली आहे. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, मामा.

मामा : नाही. मी म्हणतो, हे शेतात नेऊन दाखवा. अर्धा दिवस माझ्याकडे आणा, अर्धा दिवस लासलगावला लिलावात उभं करा. शाळेत वाफा करून अन्न पिकवणं शिकवता येत नाही. वाफ्याला कर्ज नसतं. विजेचं वेळापत्रक नसतं. निर्यातबंदी नसते. वाफ्यातला कांदा सडला तर कोणाचं लग्न पुढे ढकलावं लागत नाही. त्याला अन्नोत्पादन म्हटलं की मुलांना शेती सोपी वाटते, आणि ज्यांच्या घरी ती आहे त्यांना आपल्या आईबापांचे कष्ट खोटे ठरल्यासारखं वाटतं.

यावर भाची लगेच बोलली नाही. मला मामांचं हे म्हणणं पूर्ण पटतं. शाळेच्या परसबागेतून पोषण आहारात भाजी येते, ते चांगलंच आहे, पण तेवढ्यावर शेती शिकवली असं म्हणणं चूक आहे. त्याच वेळी सहलीबद्दल मात्र मला शंका आहे. अर्ध्या दिवसाच्या शिवारफेरीत मुलं उभं पीक बघतात. बी पेरल्यापासून बी हाती येईपर्यंतचा काळ त्यांना दिसत नाही, आणि आनुवंशिकता नेमकी त्या काळात घडते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच आग्रहातून: हाताने केलेलं काम हा अभ्यासाचाच भाग असावा, अभ्यासाला जोडलेलं शेपूट नव्हे. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या काही शाळांत आजही चालतो, आणि त्यात शेती आहे, वर्कशॉप आहे, हिशेबही आहे. हिशेबाचा भाग मामांच्या मुद्द्याला लागू पडतो.

शिक्षिका : तुमचं कर्ज मी वाफ्यात आणू शकत नाही. पण हिशेब आणू शकते. आणि पाणी घालायची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावीन. पहिल्या नंबराची मुलगीही त्यात आणि शिक्षकही. नाताळच्या सुट्टीत जवळ राहणाऱ्यांनी यायचं, मीही येईन.

मामा : पाळी लावलीस तर बापाची तक्रार निम्मी गेली. उरलेली निम्मी मी सांगतो. खाण्यासाठी वेगळी सरी लाव. मोजायच्या शेंगा तू झाडावर वाळवणार. कोवळा मटार समोर असताना पोरांना हात लावू नका म्हणणं बरोबर नाही, आणि ती ऐकणारही नाहीत. ज्याने पाणी घातलं त्याने खाल्लं पाहिजे.

शिक्षिका : लावते. तोडायच्या आधी वजन करू.

मामा : वजन कर, त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव लाव, आणि पैसे किती झाले ते काढ. मग त्यातून बियाणं, खत, पाणी वजा कर. आणि मुलांचे तास.

शिक्षिका : तासांना भाव कोणता?

मामा : त्या आठवड्यात शेतात खुरपणीला जो रोज चालू असेल तो. आठाने भाग. आलटून-पालटून वीस जणांनी दहा मिनिटं पाणी घातलं तरी ती दोनशे मिनिटं होतात, ती सोडू नकोस.

शिक्षिका : मग सरी तोट्यातच जाणार.

मामा : जाईल. तेव्हा त्यांना विचार, काय बदललं तर जाणार नाही. वाण, पेरायची तारीख, विकायची जागा की माणसांची संख्या. एका वेळी एकच बदलायचं आणि पुन्हा लावून बघायचं.

शिक्षिका : त्याला दुसरा हिवाळा लागेल.

मामा : दुसरा हिवाळा तुला पहिल्या पिढीसाठी लागणारच आहे.